हार्ट-फुलर आणि हार्ट-डेव्हलिन: दोन वादांची एक नेहमीची सरमिसळ

विधिशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि अलीकडे न्यायालयीन निकालांवरच्या लेखांतही एक विधान वारंवार भेटते: पॉझिटिव्हिस्ट मताप्रमाणे (म्हणजे एखादा नियम कायदा आहे की नाही हे तो चांगला आहे की वाईट यावरून ठरत नाही, या मताप्रमाणे) कायदा आणि नीती या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कायद्याने व्यक्तीच्या खासगी नीतिमत्तेत लक्ष घालू नये. या विधानाचा पूर्वार्ध एका वादातला (हार्ट-फुलर) आहे, उत्तरार्ध दुसऱ्या वादातला (हार्ट-डेव्हलिन), आणि पूर्वार्धावरून उत्तरार्ध मुळीच निघत नाही. गोंधळ का होतो हे कळते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट दोन्ही वादांत होते, दोन्ही वाद अवघ्या पाच-सहा वर्षांच्या अवधीत रंगले आणि दोन्हींचा विषय वरवर पाहता ‘कायदा आणि नीती’ हाच होता. परंतु ही सरमिसळ वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांतून पुढे जात राहावी, हे खेदजनक आहे.

डेव्हलिनबरोबरचा वाद बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो थोडक्यात. १९५७ मध्ये ब्रिटनमधील वुल्फेंडन समितीने प्रौढ पुरुषांमधील परस्परसंमतीचे खासगी समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस केली. न्यायाधीश पॅट्रिक डेव्हलिन यांनी १९५९ च्या व्याख्यानात त्यामागच्या तत्त्वालाच विरोध केला: समान नीतिकल्पनांवर समाज उभा असतो, त्यामुळे राजद्रोहापासून स्वतःला वाचवण्याचा जसा त्याला हक्क आहे, तसाच अनीतीपासूनही आहे. हार्ट यांनी १९६३ मध्ये इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८५९ च्या हानीच्या तत्त्वाचा (इतरांना हानी होत असेल तरच माणसावर सक्ती करावी) आधार घेऊन उत्तर दिले, मात्र मिलपेक्षा थोडे सैल. माणसाला स्वतःपासून वाचवणारे काही कायदे हार्ट यांना मान्य होते. हेल्मेटची सक्ती आणि नीतीची सक्ती यांतला फरक एवढ्यावरून ध्यानात यावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला तो १९६७ मध्ये.

फुलर यांच्याबरोबरचा वाद त्याआधीचा, १९५८ चा. त्याच्या मुळाशी नाझी राजवटीतील खबऱ्यांचे खटले होते. हिटलरविरुद्ध बोलल्याबद्दल कोणी आपल्या नवऱ्याला तेव्हाच्या कायद्यानुसार पकडून दिले असेल, तर युद्धानंतर त्या व्यक्तीला शिक्षा करता येईल का? जर्मन विधिज्ञ गुस्ताव राडब्रुख यांचे मत होते की अन्यायाची परिसीमा गाठणारा नियम कायदाच नसतो. हार्ट यांचे म्हणणे होते की तो कायदा होता, पण पाळण्याच्या लायकीचा नव्हता. शिक्षा करायचीच असेल तर पूर्वलक्षी कायदा उघडपणे करावा आणि आपण दोन वाइटांपैकी एक निवडत आहोत हे लपवू नये. हार्वर्डचे लॉन फुलर यांनी प्रतिवाद केला की नियम सार्वत्रिक असणे, जाहीर असणे, पूर्वलक्षी नसणे अशा अटींमध्ये कायद्याची एक आंतरिक नीती असते, आणि ती पार ढासळली की व्यवस्थेला कायदा म्हणता येत नाही.

आता खरा मुद्दा. फुलर यांच्याशी वाद आहे तो एखादा नियम कायदा आहे की नाही हे कशावरून ठरते, याविषयी. डेव्हलिन यांच्याशी वाद आहे तो कायदे करणाऱ्याने कायद्याच्या बळावर कोणत्या गोष्टी करवून घ्याव्यात, याविषयी. पहिल्या प्रश्नाला पॉझिटिव्हिस्ट उत्तर देतो की नियम कुठून आला, सक्षम संस्थेने तो ठरलेल्या रीतीने केला का, हे पाहा. तो चांगला की वाईट याचा विचार स्वतंत्रपणे करा. एवढे सांगून पॉझिटिव्हिझम थांबतो. संसदेने खासगी अनीतीला शिक्षा देणारा नियम केला तर तो कायदा आहे, असे पॉझिटिव्हिस्ट म्हणेल. संसदेने तो करायला हवा होता का, याचे उत्तर त्याच्या सिद्धांतात सापडणार नाही. ते शोधायला त्याला सिद्धांताबाहेर पडून माणूस म्हणून, नागरिक म्हणून नैतिक विचार करावा लागतो. हार्ट यांनी नेमके हेच केले, आणि दुसरा प्रश्न स्वतःच नैतिक प्रश्न आहे असे स्पष्ट बजावले: केवळ अनीतिमान म्हणून एखाद्या कृत्याला शिक्षा करणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे का? म्हणून ‘उदारमतवाद्यांना कायद्यात नीती नको असते’ हा सारांश मला अजिबात मान्य नाही. इतरांना हानी होत नसेल तोवर माणसाला मोकळे सोडावे, हा दावा नखशिखांत नैतिक आहे, आणि मिल तो नैतिक दावा म्हणूनच मांडतात.

दोन्ही प्रश्न एकमेकांपासून किती सुटे आहेत, हे पाहायला सर्वांत चांगले उदाहरण जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचे, आणि आपल्याकडच्या वकिलांना तर त्यांची ओळख असायलाच हवी. १८६९ ते १८७२ या काळात ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे विधी सदस्य होते. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा, जो जून २०२४ अखेरपर्यंत आपल्या न्यायालयांत चालला, तो त्यांच्या हातचा. कायद्याच्या स्वरूपाविषयी स्टीफन हे जेरेमी बेंथॅम आणि जॉन ऑस्टिन या इंग्लिश विचारवंतांच्या परंपरेतले, म्हणजे आज ज्याला आपण पॉझिटिव्हिस्ट म्हणू त्या पंथाचे. पण मायदेशी परतल्यावर १८७३ मध्ये त्यांनी मिलवर कठोर टीका करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि घोर दुराचाराला शिक्षा देणे हे फौजदारी कायद्याचे रास्त काम आहे, असे ठासून मांडले. पॉझिटिव्हिझममधून उदारमतवाद निघत असता, तर स्टीफन हा माणूस अशक्य ठरला असता. उलट बेंथॅम पाहा. सिद्धांत तोच, पण १७८५ च्या सुमारास त्यांनी समलिंगी संबंधांना शिक्षा नको असा युक्तिवाद लिहून ठेवला, जो त्यांच्या हयातीत छापलाच गेला नाही.

दुसऱ्या बाजूनेही तेच दिसते. अमेरिकी विधितत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी पॉझिटिव्हिझमवर आयुष्यभर हल्ला चढवला, आणि त्याच ड्वॉर्किन यांनी १९६६ मध्ये डेव्हलिन यांच्या मताची चिरफाड केली. नैसर्गिक कायद्याच्या, म्हणजे कायद्याचे मूळ नीतीत शोधणाऱ्या, परंपरेचा मेरुमणी असलेल्या तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनाही मनुष्यकृत कायद्याने प्रत्येक दुर्गुणाला बंदी घालावी असे वाटत नव्हते. सामान्य माणसाला टाळता येतील असे गंभीर दोष, आणि त्यांतही मुख्यतः इतरांना अपाय करणारे, एवढ्यांनाच त्याने हात घालावा, असे ते म्हणतात. नैसर्गिक कायदा मानणारा प्रत्येक जण नीतिरक्षक असतो, ही समजूतही मग टिकत नाही.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ वरच्या लिखाणात ही सरमिसळ सर्वाधिक खुपते. हे कलम कायम ठेवणारा सुरेशकुमार कौशल प्रकरणातील २०१३ चा निकाल पॉझिटिव्हिस्ट, आणि प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून वगळणारा नवतेजसिंग जोहर प्रकरणातील ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल नीतिवादी किंवा नैसर्गिक कायद्याचा, अशी विभागणी सर्रास केली जाते. ती फसवी आहे. समानता, प्रतिष्ठा आणि जीवित-स्वातंत्र्य हे निकष आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून येतात, आणि कायद्याची वैधता त्यांवर तपासायची हे अनुच्छेद १३ सांगतो. हे निकष लागू करणाऱ्या न्यायालयाला नैतिक तर्क करावा लागतो हे खरे, परंतु तो तर्क संविधानानेच त्याच्यावर सोपवलेला आहे. त्यामुळे कट्टर पॉझिटिव्हिस्टही २०१८ च्या निकालाचे निःसंकोच स्वागत करू शकतो. उलट दिशेने, अनुच्छेद १९(२) सभ्यता आणि नीतिमत्तेसाठी अभिव्यक्तीवर वाजवी निर्बंध घालू देतो, म्हणजे डेव्हलिन यांच्या विचाराला संविधानाचे दरवाजे पूर्ण बंद नाहीत.

महाराष्ट्रातील डान्सबारचे प्रकरणही मिल विरुद्ध डेव्हलिन या साच्यात कोंबले जाते. २००५ मध्ये राज्याने बंदी घातली, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. त्या निकालाचा कणा समानता आणि व्यवसाय-स्वातंत्र्य हा होता: तीन तारे व त्यावरील हॉटेलांत चालणारे नृत्य साध्या बारमध्येच स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधक कसे ठरते, याचे पटण्याजोगे उत्तर सरकारपाशी नव्हते. २०१६ च्या नव्या कायद्यावर निकाल देताना, २०१९ मध्ये, न्यायालयाने राज्य स्वतःच्या नीतिकल्पना समाजावर लादू शकत नाही असे स्पष्ट शब्दांत म्हटले आणि अनेक जाचक अटी रद्द केल्या, परंतु अश्लील नृत्यावरील बंदी आणि नोटा उधळण्यावरील मनाई तशीच राहू दिली. हानीच्या तत्त्वाचा निखळ विजय म्हणून हा निकाल उद्धृत करणाऱ्यांनी हा भागही वाचायला हवा.