‘कम्युनिटी कॉलेज म्हणजे नापासांचं कॉलेज’: खुलासा

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी हे वाक्य अजून ऐकू येतं: कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजची, पदवी पुढे कुठे चालत नाही. हे खरं नाही. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजचंच बघा. त्याला मान्यता देणारी संस्था तीच, जी जॉर्ज मेसन विद्यापीठाला देते. दोघांमध्ये करार आहे. ठरलेले विषय आणि गुण मिळवले की विद्यार्थी थेट मेसनमध्ये जातो. पहिली दोन वर्षं बरीच स्वस्त पडतात, आणि शेवटी पदवी विद्यापीठाचीच मिळते.

खरी मेख वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. बिझनेस टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटसारखे अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ या दोन वर्षांच्या पदवीखाली येतात. हिशेब, स्प्रेडशीट, डेटाबेस, प्रकल्प व्यवस्थापन असं ते शिक्षण थेट नोकरीसाठी असतं. त्यातले सगळे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे जमा झालेले गुणांक, विद्यापीठ धरेलच असं नाही. पुढे शिकायचं असेल तर नुसत्या ‘सायन्स’ किंवा ‘आर्ट्स’वाली, ट्रान्सफरची, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची, असोसिएट पदवी निवडा. आणि हा प्रश्न पहिल्या सत्राआधीच सल्लागाराला विचारा.