टर्मिनलवरून इश्यू शोधताना अर्धा इतिहास का गळतो : पार्श्वभूमी

गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर नोंदवलेले इश्यू, म्हणजे तक्रारी आणि सूचना, टर्मिनलच्या खिडकीत कमांड टाइप करून शोधता येतात. त्यासाठीची ‘जीएच सर्च इश्यूज’ ही कमांड आता अनेकांच्या हाताला बसली आहे. तरीही एक तक्रार कायम ऐकू येते: चर्चा वाचलेली पक्की आठवते, शब्दही तेच टाकले, पण टर्मिनलमध्ये ती सापडत नाही. बहुतेक वेळा ती चर्चा इश्यूखाली झालेलीच नसते, पुल रिक्वेस्टखाली, म्हणजे कोडमधले बदल स्वीकारण्याच्या विनंतीखाली, झालेली असते. म्हणजे दोष शोधयंत्राचा नाही. गुंता ‘इश्यू’ या शब्दाचा आहे आणि तो बराच जुना आहे.

टर्मिनलवरून तक्रारी धुंडाळण्याची सवय गिटहबच्या आधीची. १९९०च्या दशकात ग्नॅट्स या नोंदप्रणालीत ‘क्वेरी-पीआर’ ही कमांड होती आणि तिथे ‘पीआर’चा अर्थ होता प्रॉब्लेम रिपोर्ट, म्हणजे निव्वळ तक्रार. डेबियन या लिनक्स प्रणालीचं ‘रिपोर्टबग’ नवी तक्रार लिहून घेण्याआधी जुन्या तक्रारींची यादी पुढे ठेवतं. १९९८मध्ये वेबवर चालणारं बगझिला आलं आणि शोधणं हळूहळू ब्राउझरमधल्या फॉर्मकडे सरकलं.

गिटहब २००८मध्ये सुरू झालं, इश्यू २००९मध्ये आले. पुल रिक्वेस्ट तेव्हा जवळपास एक निरोपच होता: माझ्याकडचे बदल ओढून घ्या. २०१०च्या ऑगस्टमध्ये तिला चर्चेची जागा मिळाली आणि तिची बांधणी इश्यूच्याच पायावर झाली. क्रमांकांची माळ एकच. ४१ नंबरचा इश्यू असेल तर त्यानंतर उघडलेली पुल रिक्वेस्ट ४२ नंबरची. एपीआयच्या, म्हणजे इतर प्रोग्राम गिटहबशी ज्या मार्गाने बोलतात त्याच्या, दृष्टीने प्रत्येक पुल रिक्वेस्ट हा इश्यूच असतो, मात्र प्रत्येक इश्यू ही पुल रिक्वेस्ट नसते. गिटलॅब या तशाच दुसऱ्या सेवेने वेगळी वाट धरली. तिथे इश्यू आणि मर्ज रिक्वेस्ट (पुल रिक्वेस्टचंच तिथलं नाव) यांचे क्रमांक स्वतंत्र आहेत आणि मर्ज रिक्वेस्टच्या नंबरापुढे उद्गारचिन्ह लागतं.

गिटहबच्या या निर्णयावर अजूनही वाद होतो. माझ्या मते तो बरोबर होता. तक्रार आणि तिच्यावरचा उपाय हे एकाच गोष्टीचे दोन टप्पे आहेत. गिटहबसाठीच्या ‘हब’ या जुन्या टर्मिनल साधनात तर ‘पुल-रिक्वेस्ट’ कमांडला इश्यूचा क्रमांक दिला की त्या इश्यूचीच पुल रिक्वेस्ट व्हायची. तक्रार करणाऱ्याचा मजकूर, खालची चर्चा आणि दुरुस्तीचा कोड, सगळं एका पानावर. पुढे ही सोय वापरू नका असं सांगितलं गेलं. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात मूळ इश्यूचा उल्लेख करा, हा सल्ला तिच्या जागी आला. तिथून एका बगची गोष्ट दोन पानांवर विभागली गेली, आणि शोधणाऱ्याला त्याचा फटका आजही बसतो.

हब २००९चं, गिटहबच्या संस्थापकांपैकी एकानेच लिहिलेलं. ते कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’च्या अंगावर चढवायचं साधन होतं. अनेकांनी ‘गिट’ टाइप केलं की हबच चालेल अशी व्यवस्था करून ठेवली होती. ‘हब इश्यू’मध्ये लेबल, स्थिती, नेमणूक यांवरून यादी गाळता यायची आणि पुल रिक्वेस्टही हव्या असतील तर ‘इन्क्लूड-पुल्स’ जोडावं लागे. २०२०मध्ये ‘जीएच’ आलं, तेव्हा हबवरच पुढचं बांधकाम न करता पाटी कोरी करून सुरुवात झाली. हबची वर्षानुवर्षं देखभाल करणारी व्यक्तीही त्या चमूत होती. नवं साधन गिटला गुंडाळत नाही, शेजारी उभं राहतं. इश्यू आणि पीआर (इथे अर्थ पुल रिक्वेस्ट) या त्यात दोन वेगळ्या कमांड झाल्या. २०२२मध्ये सगळ्या रिपॉझिटरींवर, म्हणजे प्रकल्पांच्या कोडसाठ्यांवर, चालणारा शोध आला, तोही असाच दुभागलेला: एक कमांड इश्यूंसाठी, एक पीआरसाठी. दोन्ही एकदम हवे असतील तर ‘इन्क्लूड-पीआर्स’ हा पर्याय स्वतःहून लिहावा लागतो. वेब एपीआयचं इश्यू-शोधाचं दार दोन्ही देतं, पण कमांड त्यातला एक भाग गाळून आपल्या हाती ठेवते. हा पर्याय मुळातच चालू असायला हवा होता.

टर्मिनलमध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटतात, मात्रा शेजारच्या चौकटीत जाऊन बसतात, हे मराठीत काम करणाऱ्या कुणालाही नवीन नाही. आपण वापरतो त्या टर्मिनलबद्दल हे कुणी आधी कळवलंय का, ते पाहायला रोमन लिपीत देवनागरी हा शब्द टाकून शोधलं तर ‘अक्षरं तुटतात’ अशा नोंदी मिळतील. पण अक्षराची रुंदी कशी मोजायची यावरचा खरा काथ्याकूट पुल रिक्वेस्टखाली झाला असेल, तर तो या यादीत येणारच नाही. त्यात ‘जीएच इश्यू लिस्ट’ वापरलं असेल, तर फक्त उघडे इश्यू दिसतात, तेही पहिले ३०. बंद झालेली जुनी नोंद हवी असेल तर स्थिती ‘ऑल’ करावी लागते. आणि ‘जीएच सर्च इश्यूज’मध्ये एखादं लेबल वगळण्यासाठी त्याच्याआधी वजाचं चिन्ह दिलं, तर कमांड त्याला पर्याय समजून अडते. शोधशब्दांच्या आधी दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा सोडली की ते सुटतं.