पायी हिंडणारा संत घोडेवाल्यांचा कसा झाला

जर्मनीतल्या बव्हेरियाचा तो नॉयश्वानस्टाइन किल्ला सगळ्यांनी फोटोत बघितलेला असतो, पण त्याच्या पायथ्याशी, श्वानगाउ गावाबाहेर गवताच्या माळावर एक पांढरं चर्च एकटंच उभं आहे तिकडे फारसं कुणी बघत नाही. ते सेंट कोलोमनचं. किल्ल्याचं काम 1869 ला सुरू झालं, हे चर्च त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं, 1670 च्या दशकात योहान श्मुत्सर नावाच्या गवंड्याने बांधलेलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी इथे दोनशेच्या आसपास घोडेस्वार येतात, उघड्यावर मास म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाविधी होतो, आशीर्वाद होतो आणि मग सगळे घोडे चर्चला तीन प्रदक्षिणा घालतात. आयाळीच्या वेण्या घातलेल्या, खोगिराखाली ठेवणीतलं कापड, थंडीमुळे नाकातून वाफा, आणि घोड्यांच्या अंगावर तीर्थ शिंपडलं जातं. आपल्या पोळ्याला बैल नटवतात तोच उत्साह.

गंमत अशी की या कोलोमनकडे घोडा असल्याचं कुठेच येत नाही. आयर्लंडचा यात्रेकरू, जेरुसलेमला निघालेला, 1012 मध्ये व्हिएन्नाजवळच्या श्टोकराउमध्ये पोचला आणि तिथे सीमेवर मारामाऱ्या चालू होत्या. कपडे वेगळे, भाषा कुणाला कळेना, झालं, हेर म्हणून धरला, हाल केले आणि दोन दरोडेखोरांबरोबर फासावर लटकवला. कथा सांगते की दीड वर्ष तो देह तसाच लटकत होता तरी कुजला नाही. मग लोकांना पश्चात्ताप, 1014 मध्ये देह ऑस्ट्रियातल्या मेल्कच्या मठात नेला, आणि पुढे कित्येक शतकं हाच ऑस्ट्रियाचा संरक्षक संत. 1663 ला ते पद संत लिओपोल्डकडे गेलं. श्वानगाउवाले सांगतात की जाता जाता तो आमच्या माळावर टेकला होता.

मग घोडे कुठून आले? इथे शेजारच्या संताची गोष्ट उपयोगी पडते. सेंट लिओनहार्ड हा फ्रान्सचा, कैद्यांना सोडवणारा, म्हणून त्याच्या मूर्तीच्या हातात बेड्या. आल्प्समधल्या शेतकऱ्याने त्या बघितल्या आणि त्याला ती गुरांची साखळी वाटली, तो झाला गुराढोरांचा संत! बव्हेरियातच टेगर्नझे तळ्याजवळच्या क्रॉइट गावात त्याच्या नावाची घोड्यांची मिरवणूक 1442 पासून नोंदलेली आहे, अजूनही 6 नोव्हेंबरला निघते. आता कोलोमनच्या चित्रात बघा, हातात दोर असतो, फाशीचा. माझा आपला अंदाज की इथेही तसंच झालं असणार, ज्याच्या घरात रोज दावं आणि लगाम त्याला दोर दिसला की जनावरच आठवणार. आणि काही झालं तरी एक घोडा मेला की नांगर, लाकूड, गाडी सगळंच बसायचं, तेव्हा शेतकऱ्याला संताकडे मागायला दुसरं काय होतं.

मध्ये या मिरवणुका बंदही पडल्या होत्या बऱ्याच ठिकाणी. अठराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियात सम्राट दुसऱ्या जोसेफने आणि नंतर बव्हेरियात मंत्री मोंटगेलासच्या सरकारने असल्या मिरवणुकांवर निर्बंध आणले, म्हणे अंधश्रद्धा आहे आणि लोक कामं बुडवतात. एकोणिसाव्या शतकात त्या परत सुरू झाल्या. खरा फटका नंतर बसला, दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि गोठ्यातले कामाचे घोडे भराभर गेले, काही गावांत तर मिरवणुकीला घोडेच उरले नाहीत. आज जे येतात त्यातले बरेच हौसेने पाळलेले, हाफ्लिंगर वगैरे जातीचे. कोलोमनचा मूळ दिवस 13 ऑक्टोबर, पण तो कधी मंगळवारी येतो कधी गुरुवारी, आणि स्वारांना आता नोकऱ्या आहेत, म्हणून रविवार.