काश्मीरच्या लाकडी मशिदी : छपराची पार्श्वभूमी

श्रीनगरच्या जुन्या शहरातल्या लाकडी मशिदी आणि खानकाह (सूफींचे मठ) बहुतेक वेळा आगीच्या तारखांनी ओळखल्या जातात. खानकाह-ए-मौला १३९५ च्या सुमारास बांधला गेला, १४८० मध्ये जळाला, १७३१ मध्ये पुन्हा जळाला. आजची वास्तू त्यानंतर लगेच उभारलेली आहे. १४०२ मध्ये पुरी झालेली जामा मशीद सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तीनदा जळली. प्रत्येक वेळी सुतारांनी मूळ घडणीशी इमान राखलं: चौरस तळ, ओंडक्यांच्या भिंती किंवा खांब, टप्प्याटप्प्याने वर चढणारं उतरतं छप्पर, त्यावर अजानसाठी उघडा मंडप आणि टोकाला निमुळता कळस. आगीने न बदललेली ही घडण खऱ्या अर्थाने बदलली ती पत्र्याने, आणि या वास्तूंच्या इतिहासात त्या निर्णयाची चर्चा फार कमी होते.

भिंतीपासून सुरुवात करावी लागते, कारण छपराचं पाणी शेवटी तिथेच मुरतं. देवदाराचे तासून चौकोनी केलेले ओंडके एका थरात भिंतीच्या लांबीने, तर पुढच्या थरात भिंतीच्या जाडीत आडवे ठेवतात. कोपऱ्यात खाचा पाडून ते एकमेकांत अडकवतात आणि मधल्या पोकळ्या विटांनी भरतात. भूकंपात हे थर थोडेसे सरकतात, एकमेकांवर घासतात आणि हादरा जिरवतात. देवदाराच्या अंगच्या तेलामुळे कीड आणि कूज त्याला सहसा लागत नाही. पण ओंडक्याचं कापलेलं तोंड पाणी ओढतं. म्हणून कूज भिंतीच्या मध्यावर क्वचित दिसते; ती सुरू होते वळचणीखाली, कोपऱ्यांत आणि जोत्यालगत.

जामा मशिदीच्या बाहेरच्या भिंती विटांच्या आहेत, तिथलं लाकूड आत आहे. एकूण ३७८ खांब, प्रत्येक देवदाराच्या अखंड खोडाचा आणि दगडी बैठकीवर उभा. त्यातले ३४६ सुमारे २१ फुटी, उरलेले ३२ सुमारे ४८ फुटी. दगडी बैठक शोभेसाठी नाही. खोडाचं तोंड ओल्या जमिनीला टेकू नये म्हणून ती आहे.

आता छप्पर. जुन्या पद्धतीत वाशांवर फळ्या, फळ्यांवर भूर्जाच्या सालीचे एकावर एक थर, आणि त्यावर मातीचा जाड थर असे. साल पाणी अडवते आणि लवकर कुजत नाही. माती तिला जागच्या जागी दाबून धरते, उन्हापासून आणि बाहेरून उडून येणाऱ्या ठिणग्यांपासून वाचवते. मातीत गवत, आयरिस, ट्यूलिप उगवत. त्यांच्या मुळांनी माती विणली जाई आणि पावसात वाहून जात नसे. उतार मुद्दाम मंद ठेवलेला असे, कारण तीव्र उतारावर माती टिकत नाही. खानकाह-ए-मौलाची चौरस बाजू सुमारे ७० फूट आणि कळसाच्या टोकापर्यंतची उंची सुमारे १२५ फूट; एवढ्या इमारतीचं छप्पर जवळून पाहिलं तर ते बसकं वाटतं, ते याचमुळे.

या छपराला राबता हवा. माती धुपली की नवी घालायची, झुडपांची जाड मुळं साल फोडण्याआधी उपटायची, फाटलेल्या जागी माती बाजूला करून सालीचे नवे थर सरकवायचे. राबता चुकला तर गळती सुरू होते आणि मातीमुळे ती बराच काळ दिसतही नाही. १८९० च्या दशकात झेलम खोऱ्यातून गाडीरस्ता श्रीनगरपर्यंत आल्यावर जड माल आणणं सोपं झालं, आणि विसाव्या शतकात नालीदार पत्रा एकेका छपरावर चढत गेला. त्याच्या बाजूने कारणं होती, ती नाकारता येत नाहीत. ओली माती आणि वर बर्फ म्हणजे वाशांवर प्रचंड भार. भूर्ज उंच डोंगरात वाढतो. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली तर झाड मरतं. पत्रा हलका, लवकर बसणारा आणि रोज लक्ष न मागणारा.

तरीही किंमत मोठी मोजावी लागली. मंद उतारावर पत्र्याचे जोड पुरेसे एकमेकांवर चढलेले नसले, तर साचलेल्या बर्फाचं पाणी उलटं आत शिरतं. थंडी-उन्हाने पत्रा आकसतो, पसरतो, खिळ्यांची भोकं रुंदावतात. हिवाळ्यात आतली उबदार, दमट हवा गार पत्र्याला लागून दव धरते आणि ते थेंब फळ्यांवर पडत राहतात. हे पाहून पुष्कळदा उतारच वाढवला गेला, आणि मग छायारेषाच बदलली. भार कमी झाल्याचं समाधान खरं आहे, पण माझ्या मते तो भार वाशांची डागडुजी करून पेलता आला असता.

गळतीचा पहिला बळी खतमबंद, म्हणजे आतलं लाकडी नक्षीचं छत. या छतात लाकडाच्या पातळ बहुकोनी तुकड्यांच्या कडा खोबणीच्या पट्ट्यांत बसवतात. तुकड्यांना खिळा नसतो. लाकूड भिजून फुगलं की पट्ट्या वाकतात, वाळून आकसलं की तुकडे खोबणीतून सुटून पडतात. अर्धवट वाळलेलं लाकूड वापरून केलेली दुरुस्ती एक-दोन हिवाळ्यांतच उघडी पडते.

अलीकडच्या आगींनी चर्चा पुन्हा विजेच्या तारांकडे नेली. २५ जून २०१२ रोजी श्रीनगरच्या खानयार भागातला दस्तगीर साहिब दर्गा जळाला. आधी करून ठेवलेली मोजमापं आणि आराखडे असल्यामुळे तो जुन्या रूपात उभारता आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये खानकाह-ए-मौलाच्या कळसाला आग लागली, पण ती खाली पसरण्याआधी आटोक्यात आली.

जिथे पत्रा राहणारच आहे, तिथे निदान फळ्या आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळती ठेवणारी पोकळी हवी. वळचणीशी आणि माथ्याशी तिची तोंडं जाळी लावून उघडी ठेवावीत. खिळे नालीच्या उंचवट्यावर, वॉशर घालून मारावेत, खोलगट भागात कधीच नाही. आणि वळचणीखालच्या ओंडक्यांची तोंडं दर वसंतात, बर्फ वितळल्यावर, टोचणीने टोचून पाहावीत. टोचणी सहज आत गेली तर तेवढा भाग कापून, त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तिरका सांधा द्यावा. सिमेंट भरू नये, त्याने ओल आतच कोंडते.