सार्जंट मॅकेंझी: पणजोबांसाठी रचलेलं गाणं

'वुई वेअर सोल्जर्स' हा २००२ सालचा चित्रपट व्हिएतनाममधल्या १९६५च्या लढाईवर आहे. तो पाहिलेल्या अनेकांना कथानकापेक्षा त्यातलं एक संथ, खर्जातलं गाणं जास्त आठवतं. गाणं स्कॉट्स बोलीतलं आहे आणि व्हिएतनामशी त्याचा मुळात काही संबंध नाही. जोसेफ किलना मॅकेंझी या स्कॉटिश गायकाने ते आपल्या पणजोबांसाठी रचलं. त्याचं नाव 'सार्जंट मॅकेंझी'.

पणजोबा म्हणजे चार्ल्स स्टुअर्ट मॅकेंझी, पहिल्या महायुद्धात सीफोर्थ हायलँडर्स पलटणीत सार्जंट. ही पलटण मुळात मॅकेंझी घराण्याच्या प्रमुखांनीच अठराव्या शतकात उभी केलेली, त्यामुळे त्या आडनावाच्या माणसाला ती घरचीच. जोसेफ यांनी सांगितलेली हकिकत अशी: परतलेल्या सैनिकांच्या सांगण्यानुसार चार्ल्सचा एक जवळचा मित्र जबर जखमी होऊन पडला. चार्ल्स त्याला सोडून हलला नाही आणि संगिनींच्या जखमांनी मेला. त्याच दिवशी घरी शेकोटीशी बसलेल्या पणजी आणि आजीसमोर त्याची तसबीर भिंतीवरून खाली पडली. पणजी तिथल्या तिथे म्हणाली, माझा चार्ली गेला. काही दिवसांनी गावचा पोलीस तीच बातमी घेऊन आला.

तसबिरीची गोष्ट कुणी योगायोग म्हणेल, कुणी मागाहून जुळवलेली म्हणेल. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की ती चार पिढ्या घरात सांगितली गेली आणि तसबीरही जपली गेली. पुढे ती जोसेफ यांच्या घरी आली. त्यांची पत्नी कर्करोगाने वारली तेव्हा ते त्या तसबिरीकडे पाहून पणजोबांना विचारू लागले, पुढे चालत राहायचं बळ तुम्ही कुठून आणलंत? रणात पडलेला तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, शेवटच्या घटकेला त्याच्या मनात काय आलं असेल असा प्रश्न पडला, आणि शब्द-चाल एकदमच सुचली. पणजोबांसाठीचं गाणं बायकोच्या दुःखातून आलं. म्हणूनच त्यात युद्धाची ऐट नाही, शत्रूचा रागही नाही. मेलेला सैनिक स्वतःच बोलतो: मला त्या गार मातीत निजवा, माझ्याआधी कितीतरी जण तिथेच गेले.

मातीचा हा उल्लेख सहज आलेला नाही. ब्रिटिश सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायला १९१५पासून बंदी होती. मृत्यूची बातमी साध्या शिपायाच्या घरी बहुधा छापील फॉर्मवर, टपालाने येई. रिकाम्या जागी फक्त नाव, नंबर आणि तारीख भरलेली. पुढे युद्धकबरींच्या आयोगाने सर्वांना सारखे दगड दिले. त्यावर घरच्यांना स्वतःचे शब्द कोरता येत, पण मोकळ्या जागा धरून जास्तीत जास्त ६६ अक्षरं. तेही देह सापडला असेल तर. फ्रान्समधल्या थिएपव्हालच्या एकाच स्मारकावर ७२,०००हून अधिक अशा सैनिकांची नावं आहेत, ज्यांची ओळख पटलेली कबर नाही. ज्या घरांना माती द्यायला मिळाली नाही, त्यांचं सांगायचं राहूनच गेलं होतं.

स्कॉटलंडात असं उशिरा आलेलं हे पहिलंच गाणं नव्हे. ९ सप्टेंबर १५१३ रोजी इंग्लंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स आणि त्याचे हजारो लोक पडले. त्या दिवसाचं 'द फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' हे शोकगीत आज सर्वतोमुखी आहे. त्याची चाल सतराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात सापडते. सध्याचे शब्द मात्र जीन एलियट या स्कॉटिश कवयित्रीने १७५६च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर सुमारे २४० वर्षांनी लिहिले. जुन्या गाण्याच्या एखाद-दोन ओळी तेवढ्या तिच्यापर्यंत पोचल्या होत्या. तिने नाव लावलं नाही, म्हणून बरीच वर्षं लोक ते प्राचीन गाणं समजत होते.

या गाण्यात लढाई जवळजवळ दिसतच नाही. पहाटे मेंढ्यांची धार काढताना गाणाऱ्या मुली आता हुंदके देत चरवी उचलतात आणि निघून जातात. सुगीला थट्टामस्करी करणारे पोरगे नाहीत. पेंढ्या बांधायला उरलेत ते पिकल्या केसांचे, सुरकुतलेले म्हातारे. कापणीच्या शेतात म्हातारेच का, हे एलियट समजावत बसत नाही. तिची ही निवड मला फार मोठी वाटते. पुष्कळ बॅगपाइपवादक आजही ही धून अंत्यविधी आणि स्मृतिदिन सोडून एरवी लोकांसमोर वाजवत नाहीत.

'सार्जंट मॅकेंझी' या परंपरेतलं असलं तरी एका बाबतीत वेगळं आहे. एलियटचं गाणं मागे राहिलेल्या बायकांचं. मॅकेंझीचं गेलेल्याचं स्वतःचं. शिवाय एलियटच्या गाण्यात नावाने कुणीच नाही, सगळा मुलूखच गेलेला आहे. इथे हुद्दा आणि आडनाव थेट शीर्षकात आहे. चित्रपटात ते अमेरिकी सैनिकांसाठी वाजतं, तेव्हा हा मॅकेंझी कोण हे प्रेक्षकाला कळायला वाव नसतो. ते कळल्यावर गाणं पुन्हा ऐकावं, शक्यतो चित्र न बघता.