वाद्य मागण्याआधी नाच सांगा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

दुकानात आलेले गिऱ्हाईक आधी किंमत विचारते आणि आम्ही त्याला उलट विचारतो, "वाजवणार कशासाठी?" काहींना ही नसती चौकशी वाटते. तिच्यामागे एक जुनी चूक आहे. एका शाळेतल्या सरांनी लेझमीसाठी ढोलकी मागितली. आम्ही चांगली शिसवी, खणखणीत ढोलकी बांधून दिली. 26 जानेवारीला पटांगणात दीडशे मुलं उभी राहिली आणि ढोलकी दुसऱ्या रांगेपलीकडे ऐकूच जाईना. लेझमीच्या साखळ्यांच्या खळखळाटात ती पार बुडाली, मागच्या मुलांची पावलं चुकत गेली. सरांनी मागितलं ते आम्ही दिलं, पण त्यांना हवी होती हलगी, आणि हे ओळखायचं काम आमचं होतं. तेव्हापासून नाच कोणता, जागा उघडी की बंद, गाणारं कोण, हे विचारल्याशिवाय आम्ही वाद्य देत नाही.

हलगी

एका कड्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, एवढंच हे वाद्य. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात लवचीक बारीक काडी. टिपरू ठोका देतं, काडी मधली जागा भरते. आमच्या कोल्हापूर भागात हलगी एकटी क्वचितच येते. सोबत घुमकं (घुमणारं चर्मवाद्य) आणि कैताळ (झांजेसारखं वाद्य) असतं. कुस्तीचं मैदान असो, जत्रा असो की लेझमीचा खेळ, हे तिघं मिळून अख्ख्या मैदानाला पुरतात. लेझमीची पावलं चाराच्या हिशेबात पडतात, आणि तो ठोका शेवटच्या रांगेपर्यंत धारदार पोचवायला हलगीसारखं वाद्य नाही.

कातडी हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. पाचट किंवा कागदाचा हलका जाळ करायचा, हलगी हातभर वर धरून फिरवत राहायची आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघायची. आधी 'भद्द' असा आवाज येतो, मग हळूहळू तो चढतो आणि एका क्षणी 'टण्' होतो. तिथेच थांबायचं. आणखी दोन मिनिटांच्या मोहापायी कातडं फुटलेल्या हलग्या दर हंगामात आमच्याकडे येतात. गॅसच्या शेगडीवर तर कधीच शेकू नका. आच एकाच जागी लागते आणि तिथेच कातडं जळतं.

फायबरच्या पानाची (कातड्याऐवजी फायबरचा पडदा ताणलेली) हलगी शेकावी लागत नाही, पावसातही चालते. शाळांना आम्ही तीच सुचवतो. तमाशाच्या फडाला मात्र कातडीच द्यावी असं आमचं ठाम मत आहे. फडात सुरुवातीलाच ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी रंगते, आणि तिथे फायबरचा कोरडा आवाज उघडा पडतो.

ढोलकी

आमचं सगळ्यात जास्त काम ढोलकीचं. तिची एक बाजू शाईची (मधोमध काळा लेप असलेली, चढ्या आवाजाची), दुसरी धुमाची (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाची). धुमाच्या पुडीला (तोंडावर चढवलेल्या कातड्याला) आतून तेलकट मसाला असतो, म्हणून तिथे मनगट घासलं की आवाज खालून वर घुमत जातो. लावणीत नाचणारीचं पाऊल आणि ढोलकीचा बोल एकमेकांना प्रश्न-उत्तर करतात ते या दोन बाजूंच्या जोरावर. घुंगरांच्या बारीक कामाला शाई उत्तर देते, आणि ठसक्यात पाऊल आपटलं की धूम.

शाई बसवताना बघायला जरूर या. लोखंडाची भुकटी आणि भाताची चिकी एकत्र मळून तिचा पातळ थर पुडीच्या मधोमध लावायचा, गुळगुळीत दगडाने घासायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर, पुन्हा दगड. घासता घासता शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात. नवीन गिऱ्हाईक त्या बघून "तडकली की हो!" म्हणतं. त्या भेगा हव्याच असतात, त्यांच्यामुळे शाई कातड्याबरोबर हलते. नुसतं ताणलेलं कातडं फक्त आवाज देतं, शाई त्यातून सूर काढते. त्यामागचं विज्ञान सी. व्ही. रामन यांनी मृदंग आणि तबल्यावर अभ्यास करून मांडलेलं आहे. आमच्या घरात ते दगड घासणाऱ्या हातांना आधीपासून ठाऊक होतं, याचा आम्हाला अभिमान आहे.

मागणी देताना गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे तो कोणत्या सुरात गातो ते, सांगा. काळी एकमध्ये गाणाऱ्या शाहिराची आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंची ढोलकी एक नसते. शाईच्या तोंडाचा घेर त्यावर ठरतो, नंतर नुसतं ताणून भागत नाही. तालही कळला तर बरं. लावणीत केरवा, धुमाळी अशा आठ मात्रांच्या ठेक्यांवर भर असतो, कोळीगीतांची झुलती चाल बहुतेक वेळा सहा मात्रांची असते. सहा मात्रांच्या झोक्याला धूम जरा मोकळी ठेवावी लागते, घट्ट बांधली तर झोका मरतो.

शाईला पाणी लागू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसणं म्हणजे ती उतरवणंच. कार्यक्रम संपला की ताण थोडा सैल करा, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ढोलकी ठेवू नका.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना आम्ही नटबोल्टची ढोलकी देतो, कारण तिथे दोरी ओढून बांधणारा हात मिळत नाही. विमानात देताना ताण पूर्ण उतरवा. थंडीत हीटरच्या कोरड्या हवेने पुडी आपोआप चढते, तेव्हा पाना हाताशी असू द्या.

संभळ आणि दिमडी

संभळ म्हणजे लहानमोठ्या दोन वाद्यांची एकत्र बांधलेली जोडी. दोन काठ्यांपैकी एकीचं टोक वाकडं असतं, हे विसरून सरळ काठ्यांची जोडी मागणारे पुष्कळ आहेत. गोंधळ संथ सुरू होतो, देवीला आवाहन होतं आणि रात्र चढते तशी लय चढत जाते. तुणतुणं आणि झांज संभळाच्या मागे धावतात. रात्रभर चालणारं हे वाद्य आहे, म्हणून आम्ही त्याला जाड कातडं घालतो. स्टेजवरच्या दहा मिनिटांच्या गोंधळनृत्यासाठी हवं असेल तर तसं सांगा. पातळ कातड्याचं हलकं संभळ देऊ, नाचताना कंबर भरून येणार नाही.

दिमडी म्हणजे बोटांनी वाजवायचा छोटा डफ, वाघ्यांचा (खंडोबाच्या भक्तांचा), खंडेरायाचा. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. "घोरपडीच्या कातड्याची आहे का?" असं अजूनही काही जण हळू आवाजात विचारतात. नाही, आणि मिळणारही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. गोव्यातलं घुमट (मातीच्या मडक्याचं वाद्य) हेही पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत, आता शेळीच्या कातड्याने मढवतात, आणि त्यावर चतुर्थीच्या आरत्या आजही दणाणतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. शेळीच्या पातळ कातड्याची दिमडी नीट बांधली तर बोटाखाली उत्तम बोलते. शंका असेल त्यांनी दुकानात येऊन वाजवून बघावी.

तारपा आमच्याकडे मिळणार नाही

दिवाळीनंतर स्नेहसंमेलनांचे दिवस आले की तारप्यासाठी फोन येतात. तारपा हे डहाणू, जव्हार, तलासरीकडच्या वारल्यांचं वाद्य. वाळवलेला भोपळा, दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, जोड मेणाने बुजवलेले. वाजवणारा दम तुटू न देता फुंकत राहतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात, पुढचा घुंगुरकाठी आपटतो आणि तारप्याची चाल बदलली की सगळ्यांचं पाऊल बदलतं. सोबत ढोल नसतो. ठेका पायांचा आणि त्या काठीचा. शाळेत हा नाच बसवताना मागे ढोल-ताशा लावलेला आम्ही पाहिला आहे आणि फार वाईट वाटलं. हे वाद्य त्या मातीतल्या कारागिरांकडूनच घ्यावं, म्हणून आम्ही ते बनवत नाही.

ढोल-ताशा

पथकांनी पान बदलण्याची कामं गणपतीच्या तोंडावर न आणता आषाढातच आणावीत. पावसाळी हवेत कातडं वाळायला वेळ लागतो, आणि घाईत चढवलेलं पान पहिल्याच मिरवणुकीत ढिलं पडतं.

दुरुस्तीसाठी

फाटलेली पुडी फेकू नका, वाद्याबरोबर घेऊन या. जुन्या पुडीच्या कातड्याची जाडी, शाईचा घेर आणि कुठल्या जागी हात जास्त पडला आहे हे बघून आम्ही नवी बांधतो. वाजवणाऱ्यालाच बरोबर आणलंत तर आणखी उत्तम. त्याने चार ठोके आमच्यासमोर वाजवले की मापाची पट्टी काढावी लागत नाही.