शरदातले कुरण आणि चराईबंदीची पार्श्वभूमी

दख्खनच्या पठारावर भाद्रपदात पावसाचा जोर ओसरू लागला की माळावरचे गवत निसवते, आणि त्यात गुरे सोडावीत की ते राखावे हा प्रश्न नेमका तेव्हाच गावापुढे उभा राहतो. फुलोऱ्यात कापलेले गवत सकस असते, हे खरे. परंतु बी पडण्यापूर्वीच ते वर्षानुवर्षे चरले गेले, तर पवन्या आणि मारवेल ही चांगली गवते मागे पडतात आणि कुसळीचे फावते. कोवळी कुसळी गुरे खातात, पण बी पिकल्यावर तिची टोकदार कुसळे तोंडात रुतू लागली की तिला टाळतात. सोलापूर-नगरच्या रब्बी पट्ट्यात ज्वारीच्या पेरण्याही याच सुमारास होत असल्याने रानात गुरे सोडता येत नाहीत आणि सगळा भार गायरानावर येतो.

कुरण राखण्याची कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. मराठेशाहीतही घोडदळाच्या वैरणीसाठी सरकारी कुरणे राखीव असत. इंग्रजी अमलात बदलले ते राखणीमागचे अधिकार. १८७१ च्या कायद्याने दुसऱ्याच्या रानात शिरलेली गुरे कोंडवाड्यात जाऊ लागली, आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली चराई हा हक्क न राहता सरकारी परवानगीचा विषय झाला. डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगल खात्याच्या घशात गेल्याची तक्रार महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये केली, तिचे मूळ इथे आहे. पुढे १० जुलै १९३० रोजी लोकनायक अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातले गवत कापून कायदेभंग केला. कायदा मोडण्यासाठी गवत निवडले जावे, यावरूनच ते बंधन घरोघर किती जाचत होते हे कळते.

स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने मोफत गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद कायम ठेवली, मात्र त्या जमिनीवर गुरे कधी आणि किती सोडावीत याचा बंदोबस्त बहुतेक ठिकाणी कोणाकडेच राहिला नाही. ती पोकळी भरून निघाली ती राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांसारख्या गावांत, तीही गावाच्या स्वतःच्या निर्णयाने. तेथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी एकत्र आल्या आणि हिवरे बाजारात डोंगरावरचे गवत विळ्याने कापून गोठ्यात नेण्याची पद्धत रुजली. कापणीची वेळ ठरवता येते, चरणाऱ्या कळपाची ठरवणे अवघड, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. तिचा जाच मात्र सगळ्यांना सारखा नसतो. ज्याच्याकडे गोठा, बांधावरची वैरण आणि गवत वाहून आणणारी माणसे आहेत त्याला ती सहज झेपते, तर चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीनाला बंदीच्या पहिल्याच वर्षी शेळ्या विकाव्या लागू शकतात.